लहान पंजा, लांब लिव्हर आणि स्नायूंचं गणित

क्लच जड लागतो म्हणजे हातात जोर नाही. लहान पंजाच्या दुचाकीचालकाला, त्यातही ती बाई असेल तर, हा निकाल हमखास ऐकावा लागतो. पाठोपाठ सल्ला येतो: स्प्रिंगची ग्रिप आणा आणि रोज दाबत बसा. हल्ली जाहिरातीही दिसतात, ‘लहान हातांसाठी खास शॉर्टी लिव्हर’. निकाल घाईचा, सल्ला फारसा कामाचा नाही आणि जाहिरात तर चक्क उलटी. अडचण बहुतेक वेळा जोराची नसतेच, अंतराची असते.

बोटं मिटणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात आणि त्यांच्या कंडरा मनगटातून बोटांच्या पेरांपर्यंत जातात. बोट लांबवलं की स्नायू ताणला जातो, मिटलं की आखडतो. आणि तो किती जोर लावणार, हे त्या क्षणीच्या त्याच्या लांबीवर ठरतं.

का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण या सगळ्या विषयात मला सर्वांत देखणा वाटतो तो हाच भाग. स्नायूचा तंतू म्हणजे सार्कोमिअर नावाच्या सूक्ष्म खणांची एकामागे एक लागलेली रांग. प्रत्येक खणात मायोसिनचे जाड धागे आणि अ‍ॅक्टिनचे पातळ धागे. मायोसिनला बारीक डोकी असतात. ती अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. एका वेळी किती डोक्यांच्या आवाक्यात अ‍ॅक्टिन आहे, त्यावर ओढ ठरते. 1966 साली गॉर्डन, अँड्र्यू हक्सली आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या एकेका स्नायुतंतूवर हे मोजून दाखवलं. खणाची लांबी 2 ते 2.2 मायक्रोमीटर असताना जोर सर्वाधिक. त्यापुढे ताणत नेलं की तो जवळजवळ सरळ रेषेत घसरतो आणि 3.65 मायक्रोमीटरला शून्य होतो, कारण तिथे धाग्यांची टोकं एकमेकांपासून पार सुटलेली असतात. फार आखडलं तर धागे एकमेकांवर चढून अडतात आणि जोर पुन्हा पडतो. माणसाचे अ‍ॅक्टिन धागे थोडे लांब असल्यामुळे आपला उत्तम बिंदू 2.7 च्या आसपास येतो. आलेखाचा आकार तोच.

आखडलेल्या टोकाचा अनुभव घरबसल्या घेता येतो. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि आता मूठ आवळा. निम्माही जोर लागत नाही. पंजाची पकड मोजणाऱ्या जामर यंत्रात मुठीचं अंतर पाच टप्प्यांत बदलता येतं, साधारण 3.5 पासून 8.6 सेंटिमीटरपर्यंत. बहुतेकांचा सर्वांत चांगला आकडा दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यावर येतो, म्हणजे 4.8 किंवा 6 सेंटिमीटरला. पाचव्यावर तोच माणूस बराच कमकुवत ठरतो.

लांबच्या अंतरावर फक्त स्नायूच मार खातो असं नाही. लिव्हर दूर असेल तर लहान हाताचं जेमतेम शेवटचं पेर त्याच्यावर टेकतं. बोट हीसुद्धा तरफच, आणि तिचा टेकू पंजाच्या सांध्यात. टोकाशी भार घेतला की तो टेकूपासून सर्वांत दूर पडतो. मधल्या पेराने धरलं तर तेच काम हलकं होतं.

आता शॉर्टी लिव्हरकडे वळू. तो लांबीला आखूड असतो. हँडलपासूनचं अंतर त्याने आपोआप कमी होत नाही. उलट बोटं लिव्हरच्या खिळीजवळ, म्हणजे तो ज्या बिंदूभोवती फिरतो तिथे, सरकतात. खिळीपासून 120 मिलिमीटरवर ओढत होतात ते 90 वर ओढू लागलात, तर जोर एक तृतीयांशाने जास्त लागणार. अंतर बदलणारी चकती असलेला लिव्हर ही वेगळी गोष्ट आहे, आणि विकत घेताना बघायची ती हीच.

मग लिव्हरचं प्रमाण बदलून क्लच हलका का करू नये? करता येतो, पण फुकट नाही. क्लचच्या प्लेटा सुट्या करायला स्प्रिंगविरुद्ध ठरावीक काम करावंच लागतं. जोर कमी केला की ओढायचं अंतर वाढतं, आणि लहान हाताकडे नेमकं अंतरच कमी असतं. स्लिप-असिस्ट क्लचमध्ये ही कोंडी फुटते. त्यातले तिरके उतार इंजिनाच्याच ओढीने प्लेटा दाबून धरतात, त्यामुळे मुळात स्प्रिंगच मऊ ठेवता येते.

केबल ढिली सोडून लिव्हर ‘जवळ’ आणण्याचा उद्योग मात्र करू नये. फ्री प्ले, म्हणजे केबल ताठ होईपर्यंत लिव्हर मोकळा फिरतो ते अंतर, वाढला की क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर कुरकुरतात आणि न्यूट्रल सापडत नाही. केबल तीव्र वळणं घेत असेल, तर घर्षण प्रत्येक वळणाला आधीच्या ताणाच्या पटीत वाढत जातं, त्यामुळे तिचा मार्ग सरळ करणं आणि ती सुकली असेल तर बदलणं जास्त कामाचं.

हँडलच्या ग्रिपवर फोमचं आवरण चढवण्याआधीही गणित करा. 3 मिलिमीटर जाडीचं आवरण व्यास 6 ने वाढवतं. बोटांना ग्रिपभोवती साधारण अर्धा वळसा घालावा लागतो, म्हणजे बोटाची जवळपास 9 मिलिमीटर लांबी त्यातच खर्ची पडते. लिव्हरचा क्लँप सैल करून तो असा फिरवावा की कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष येईल. मनगट मागे दुमडलेलं असेल तर तोच स्नायू आणखी ताणला जातो.

ब्रेकचा लिव्हर जवळ आणताना एक तपासणी सोडू नका. गाडी उभी असताना तो पूर्ण जोराने दाबा. ग्रिपला टेकला, किंवा मधे राहिलेली करंगळी-अनामिका चेपली, तर चकती एक खूण मागे फिरवून लिव्हर थोडा दूर न्या. टेकत नसेल पण दाबताना स्पंजासारखा मऊ लागत असेल, तर हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकच्या नळीत बहुधा हवा आहे. आधी ती काढून घ्या, मग अंतर लावा.