वळ नाही म्हणजे गुन्हा नाही?

‘अंगाला हात लावला नाही ना, मग पोलीस काय करणार?’ हे वाक्य सासरच्यांइतकंच माहेरची माणसंही ऐकवतात. ते चूक आहे.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिवीगाळ, धमकी, मानसिक छळ ही हिंसाच मानली आहे. मात्र गंमत अशी, की या कायद्याखाली तक्रार केली म्हणून लगेच अटक होत नाही. आधी न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. तो मोडून नवऱ्याने पुन्हा धमकावलं, तर तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात), अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

थेट गुन्ह्याची वाट वेगळी. नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाबद्दलचं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम 498अ आता भारतीय न्याय संहितेत 85 आणि 86 झालं आहे. ‘माहेरून पैसे आण, नाहीतर बघ’ असा सततचा जाच त्यात बसतो, एकही वळ नसताना. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

पण अटक आपोआप होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार खटल्यात पोलिसांना तसं बजावलं. बहुधा आधी नोटीस जाते. वळ नसताना पुरावा लागतोच, म्हणून धमकीचे मेसेज पुसू नका.