कोरड्या डोंगरांतील पाण्याच्या वाटा

ओमानच्या उत्तर किनाऱ्याला समांतर सुमारे 700 किलोमीटर पसरलेली हजर पर्वतरांग सह्याद्रीत चालण्याची सवय असलेल्या माणसाला ओळखीची वाटते आणि परकीही. कडे, खिंडी, अरुंद पाऊलवाटा, डोंगराच्या कुशीतली गावे हे सारे तिथेही आहे. नाही ती माती आणि नाही ते रान. नोकरीसाठी मस्कतला गेलेल्या कोल्हापूरकराला, पहिल्यांदाच या डोंगरांत शिरल्यावर, एक प्रश्न पडणे साहजिक आहे. आपल्या गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झोडपतो, तेव्हा तिथल्या खोल दऱ्यांचे नवल वाटत नाही. पण मस्कतला वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडत असताना तिथल्या डोंगरांत सुमारे एक हजार मीटर खोलीची दरी कशाने कोरली?

वाऱ्याने, असे उत्तर अनेकांच्या मनात येते, आणि ते बरोबर नाही. वाऱ्याबरोबर उडणारी वाळू बहुतांशी जमिनीलगतच राहते. ती खडकाचा पायथा घासू शकते, पर्वत चिरू शकत नाही. वाळवंटातल्या दऱ्याही पाण्यानेच कोरल्या आहेत.

सुमारे 3000 मीटर उंचीच्या जबल शम्सच्या पायाशी असलेली नखर दरी पाहताना हे नीट उमगते. आपला सह्याद्री ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, थरावर थर साचून झाला. नखरच्या कड्यांतील थर मात्र चुनखडकाचे आहेत आणि ते उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचलेले आहेत. हा समुद्रतळ पुढे घुमटासारखा वर उचलला गेला, त्याला भेगा पडल्या आणि त्या भेगांतून वाहणाऱ्या पाण्याने खडक थोडा विरघळवत, बराचसा फोडत, खाली वाट काढली. हे काम आजच्या पावसावरच झाले असेही नाही. याच डोंगरांतील होती नावाच्या गुहेत चुन्याच्या स्तंभांचे थर तपासून संशोधकांनी दाखवून दिले आहे की सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, आणि पुन्हा साधारण दहा ते सहा हजार वर्षांपूर्वीच्या काळात, इथे आजच्यापेक्षा खूप अधिक पाऊस पडत होता, कारण मोसमी पावसाचा पट्टा तेव्हा उत्तरेकडे सरकलेला होता. ज्या मोसमी वाऱ्यांवर आपली पंचगंगा वाहते, त्यांचाच हात या कोरड्या दऱ्यांनाही लागलेला आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आज मात्र इथले पाणी वर्षातून मोजक्याच वेळी आणि एकदम येते. अशा कोरड्या नदीपात्राला तिथे वादी म्हणतात. कोल्हापुरात पूर कसा येतो हे आपण जाणतो: राजाराम बंधाऱ्यावरची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडे आणि मग 43 फुटांच्या धोक्याकडे सरकत असते, आणि माणसांना हलायला काही अवधी मिळतो. वादीत तो अवधी मिळत नाही. उघड्या खडकावर पाणी मुरवणारी माती नाही, अडवणारी झाडी नाही, उतार तीव्र आहे. त्यामुळे वीस किलोमीटर वरच्या माथ्यावर वळीव कोसळला, तर निरभ्र आकाशाखाली चालणाऱ्या माणसासमोर काही मिनिटांत चिखल आणि दगडांनी भरलेला लोंढा उभा राहू शकतो. या लोंढ्याची ताकद समजून घेण्यासारखी आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर तो हलवू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या दगडाचे वजन ढोबळमानाने 64 पट होते, कारण ते वेगाच्या सहाव्या घातानुसार वाढते. म्हणूनच वर्षभराच्या संथ धारेला जे जमत नाही, ते दोन तासांचा पूर करून जातो.

याच्या खुणा दरीत वाचता येतात. भिंतींवरचा गुळगुळीत, उजळ पट्टा, डोक्याच्याही वर फटीत अडकलेले गवत आणि काटक्या, आणि निघोजच्या कुंडांत आपण पाहतो तसे रांजणखळगे. पाणी कुठपर्यंत चढते ते यांवरून कळते. पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात चालणाऱ्या आपल्या मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण पावसात न डगमगण्याचा जो सराव इथे उपयोगी पडतो, तोच वादीच्या तळाशी घात करू शकतो. अरुंद घळीत शिरण्यापूर्वी आपल्या डोक्यावरच्या आकाशापेक्षा वरच्या माथ्याचा हवामान अंदाज पाहणे महत्त्वाचे आहे.

कड्याच्या मधोमध जाणाऱ्या वाटा या दृष्टीने अधिक निर्धोक आहेत. खितैमहून साब या ओसाड गावाकडे जाणारी वाट अशीच आहे. कठीण थरांच्या मधला मऊ थर झिजून मागे सरकला की कड्याला आडवी कपार राहते, आणि गावकऱ्यांनी गाढवांसह ये-जा करण्यासाठी अशाच नैसर्गिक टप्प्यांचा उपयोग करून घेतला. आता ठिकठिकाणी दगडांवर पिवळा, पांढरा आणि लाल रंग लावून वाट दाखवलेली आहे. इथला धोका वेगळा: दरीची खोली, आणि कोरडी हवा. आपल्याकडे घामाने सदरा भिजतो आणि तहान लक्षात येते. तिथे घाम क्षणात वाळतो, त्यामुळे शरीरातले पाणी कमी होत असल्याचे उशिरा कळते.

पुराचे सगळे पाणी समुद्राला जात नाही. वादीतल्या वाळू-गोट्यांत ते मुरते, आणि तिथून भूमिगत बोगद्यांतून किंवा उघड्या पाटांतून केवळ उताराच्या बळावर गावात आणले जाते. या व्यवस्थेला फलज म्हणतात. असे सुमारे तीन हजार फलज आजही चालू आहेत आणि त्यांतील पाचांना युनेस्कोने 2006 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. पाटाच्या वरच्या टोकाला पिण्याचे पाणी भरतात, पुढे मशीद आणि आंघोळीची जागा येते, मग खजुराच्या बागा. आणि हंगामी पिकांना पाणी उरेल त्या प्रमाणातच मिळते.