चार सिलिंडर, दाबलेली हवा आणि नॉकिंग

2024 च्या मॉडेलपासून टोयोटाने टॅकोमा या मध्यम आकाराच्या पिकअप ट्रकमधलं 3.5 लिटरचं, सहा सिलिंडरांचं व्ही-6 इंजिन काढलं आणि 2.4 लिटरचं, चार सिलिंडरांचं टर्बो इंजिन बसवलं. शेव्हरोलेने कोलोरॅडोच्या बाबतीत वर्षभर आधी हेच केलं होतं: 3.6 लिटरचं व्ही-6 गेलं, 2.7 लिटरचं चार सिलिंडरांचं टर्बो आलं. अमेरिकेत पिकअप जितका कामाचा तितकाच मिरवायचा, त्यामुळे ओरड व्हायची ती झालीच. इंजिनाचं घनफळ हीच खरी ताकद, बाकी सगळी नाटकं, असं मानणारा मोठा वर्ग तिथे आहे. दुसऱ्या बाजूला जाहिराती आहेत. त्या वाचल्या तर टर्बो म्हणजे वाया जाणाऱ्या धुरातून फुकट मिळणारी शक्ती असं वाटावं. दोन्ही बाजू ज्या गोष्टीबद्दल बोलत नाहीत, ती आहे नॉकिंग, म्हणजे सिलिंडरातलं मिश्रण ज्योत पोचायच्या आत आपोआप पेटणं. छोट्या इंजिनाकडून मोठ्याचं काम किती करून घेता येईल, हे शेवटी तीच ठरवते.

आधी आकडे. टॅकोमाच्या जुन्या व्ही-6 ची कमाल शक्ती 278 अश्वशक्ती होती. नव्या टर्बो इंजिनाची, बहुतेक आवृत्त्यांत, तीही 278 च. मग बदललं काय? टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि तो कुठे मिळतो ते. जुनं इंजिन मिनिटाला 4,600 फेऱ्यांवर सुमारे 359 न्यूटन-मीटर देई. नवं 1,700 फेऱ्यांवरच 430 देतं. मागे जड ट्रेलर लावून चढावर निघायचं असेल तर हा फरक लगेच कळतो, कारण इंजिन किंचाळेपर्यंत गिअर खाली आणावे लागत नाहीत.

हे होतं कसं? इंजिन हा मुळात हवेचा पंप आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवं तितकं फवारता येतं, अडचण हवेची असते. टर्बो नसलेल्या इंजिनात पिस्टन खाली सरकतो आणि बाहेरचं वातावरण स्वतःच्या दाबाने जेवढी हवा आत ढकलेल तेवढीच आत येते. जास्त हवी असेल तर सिलिंडर मोठे करा, नाहीतर हवा दाबून भरा. टर्बोत एक्झॉस्टच्या, म्हणजे जळलेला वायू बाहेर पडण्याच्या, वाटेवर त्या वायूने फिरणारं छोटं टर्बाइन असतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेला कॉम्प्रेसर आत येणारी हवा दाबतो. हा दांडा मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो.

वेगवेगळ्या आकारांच्या इंजिनांची तुलना करायला अभियंते एक सोपी राशी वापरतात: पिस्टनवर सरासरी किती दाब काम करतो? टॉर्कला 4π ने गुणायचं आणि घनफळाने भागायचं, की झालं. जुन्या व्ही-6 साठी उत्तर येतं सुमारे 13 बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब), नव्या टर्बोसाठी साडेबावीस. कोलोरॅडोच्या सर्वांत जोरकस आवृत्तीचा टॉर्क 583 न्यूटन-मीटर आहे. तिथे हा आकडा 27 च्या घरात जातो. प्रत्येक लिटरमागे दुप्पट काम, म्हणजे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, हेड गॅस्केट या सगळ्यांवर त्याच प्रमाणात ताण. टिकाऊपणाची शंका घेणारे अगदीच वेडे नाहीत. फक्त त्याचं उत्तर सिलिंडर मोजून मिळत नाही, तो ताण धरून भाग बनवले आहेत का यावर ते ठरतं.

टर्बो फुकट मात्र नाही. टर्बाइन एक्झॉस्टची वाट अडवतं, म्हणून पिस्टनला जळलेला वायू बाहेर ढकलायला थोडे जास्त कष्ट पडतात. एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी बरीच ऊर्जा वसूल होते, एवढं खरं. पूर्ण जोरात चाललेल्या अशा इंजिनाच्या कॉम्प्रेसरला ढोबळमानाने 15 ते 20 किलोवॉट शक्ती लागते. हवेच्या नळीत बसवायचा 'इलेक्ट्रिक टर्बो' म्हणून ऑनलाइन जे प्लॅस्टिकचे पंखे विकतात, त्यांच्यापुढे हा आकडा ठेवून पाहा. 12 व्होल्टच्या बॅटरीतून 20 किलोवॉट काढायचे तर हजार-दीड हजार अँपिअरहून जास्त प्रवाह लागेल, आणि पंख्याची वायर असते शिवणाच्या दोऱ्याएवढी. पेट्रोलच्या नळीला बांधायच्या चुंबकांची गत याहून वाईट. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी अशी शंभराहून अधिक उपकरणं तपासली. बहुतेकांचा उपयोग शून्य निघाला.

आता नॉकिंग. पेट्रोल इंजिनात ज्वलन हा स्फोट नसतो, निदान नसावा. ठिणगी पडते, ज्योत पेटते आणि सेकंदाला दहा-वीस मीटर वेगाने मिश्रणातून पसरत जाते. तिच्या मागचा गरम वायू फुगतो आणि पुढचं न जळलेलं मिश्रण दाबतो. दाबलं की ते तापतं. त्यामुळे सिलिंडरच्या कडेला शेवटी उरलेल्या मिश्रणाची अवस्था सर्वांत बिकट असते. त्याला आधी टर्बोने दाबलेलं असतं, मग पिस्टनने, आणि आता ज्योत दाबत असते. या तापमानाला पेट्रोलचे रेणू लगेच पेटत नाहीत. आधी त्यांच्यापासून पेरॉक्साइडं तयार होतात, ती तुटून मुक्त मूलकं (रेणूंचे अतिशय क्रियाशील तुकडे) सुटतात, एकातून अनेक होत जातात आणि थोड्या विलंबाने ही साखळी अभिक्रिया बेफाम होते. हा विलंब संपायच्या आत ज्योत तिथवर पोचली तर सगळं सुरळीत. नाही पोचली तर उरलेलं मिश्रण एकदम, आपोआप पेटतं आणि दाबाची लाट सिलिंडरभर आपटत राहते. सुमारे नऊ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरात तिची कंपनं सेकंदाला सहा हजारांच्या आसपास असतात. बॉनेटखालून येणारी धातूची टकटक ती हीच. आवाजाने काही बिघडत नाही. बिघडतं ते या लाटेने पिस्टनच्या पृष्ठभागालगतचा तुलनेने थंड वायूचा थर उडवून लावला की. मग ॲल्युमिनियमच्या पिस्टनला थेट आच लागते आणि तो खड्डे पडून झिजू लागतो.

म्हणजे सगळा खेळ तापमानाचा आणि वेळेचा. दोन्ही बाबतींत टर्बोवाला तोट्यात असतो.

वेळेचं बघा. मिनिटाला 1,700 फेऱ्यांवर क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, एक फेरी 35 मिलिसेकंदांची, 5,000 वर 12 ची. इंजिन जितकं सावकाश फिरेल, तितका वेळ कडेचं मिश्रण तापत बसेल. आणि टर्बो आपला सगळा रुबाब दाखवतो तो नेमका तिथेच, कमी फेऱ्यांवर.

तापमानाचं गणित शाळेतल्या वायूच्या नियमांचं थोडं पुढचं रूप आहे. उष्णता बाहेर न जाता वायू दाबला गेला, तर त्याचं केल्विनमधलं तापमान घनफळाच्या गुणोत्तराच्या साधारण 0.35 व्या घाताने वाढतं. हवा दुप्पट दाबावर नेली की कॉम्प्रेसरमधून ती सुमारे 120 अंश सेल्सिअसला बाहेर पडते. ती तशीच सिलिंडरात घेऊन 11 पट दाबली तर ती 635 अंशांच्या आसपास जाते. त्याआधी इंटरकूलर या हवा थंड करणाऱ्या डब्यातून फिरवून 50 अंशांवर आणली तर 475 च्या आसपास. सुरुवातीला 70 अंश काढून घेतले, शेवटी 160 वाचले! रासायनिक अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर घातांकी वाढतो, त्यामुळे हे 160 अंश म्हणजे जीवन-मरणाचा फरक. ट्रकच्या जाळीमागे बसलेला तो चपटा, कंटाळवाणा रेडिएटरसारखा डबा मला म्हणूनच टर्बोपेक्षा जास्त आवडतो.

हे सगळं जमलं नव्हतं तेव्हा काय होत होतं, त्याचा उत्तम नमुना म्हणजे 1962 सालची ओल्ड्समोबिल जेटफायर. टर्बो असलेल्या पहिल्या दोन उत्पादित मोटारींपैकी ही एक, दुसरी शेव्हरोले कॉर्व्हेअर. जेटफायरचं इंजिन 3.5 लिटरचं व्ही-8 होतं, कम्प्रेशन रेशो (पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो तो आकडा) 10.25, आणि इंटरकूलर नव्हता. नॉकिंग टाळायला त्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायचे. त्याचं नाव होतं 'टर्बो-रॉकेट फ्लुइड'. मालकाने ती टाकी भरत राहणं अपेक्षित होतं. मालक विसरत. टाकी रिकामी झाली की यंत्रणा टर्बोचा दाब कमी करी आणि गाडी मरगळून जाई. पुढे कित्येक जेटफायरांचा टर्बो उतरवून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला.

आज टॅकोमाचं टर्बो इंजिन 11 च्या कम्प्रेशन रेशोवर, साध्या पेट्रोलवर चालतं, वेगळी टाकी नाही. इंटरकूलरशिवाय यामागे आहे थेट सिलिंडरात होणारी पेट्रोलची फवारणी. पेट्रोलला वाफ व्हायला उष्णता लागते, ती ते आतल्या हवेतूनच घेतं आणि हवा आदर्श स्थितीत वीसेक अंशांनी थंड होते. जेटफायरमधल्या पाण्याचं काम आता इंधनच करतं. त्यातूनही नॉकिंग सुरू झालंच तर इंजिनाला चिकटवलेला दाबविद्युत संवेदक ती कंपनं ओळखतो आणि संगणक पुढची ठिणगी उशिरा पाडतो. (थेट फवारणीने एक नवं दुखणंही आणलं. कमी वेगात, जास्त भाराखाली, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. त्यात ऑइलच्या थेंबांचा हात असतो, आणि ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटांनी ते वाढतं. म्हणून 2018 मध्ये इंजिन ऑइलचं 'एसएन प्लस' हे नवं मानक आलं. टर्बोवाल्याने ऑइलच्या डब्यावरचं मानक वाचावं ते यासाठी.)

उशिरा पाडलेल्या ठिणगीची किंमत असते. ज्वलन लांबतं, पिस्टनला काम कमी मिळतं आणि एक्झॉस्ट जास्त गरम होऊन टर्बाइनवर आदळतो. टर्बाइन जपायला संगणक कधी कधी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओततो, निव्वळ थंडाव्यासाठी. टर्बो ट्रक ट्रेलर ओढताना अचानक पेट्रोल प्यायला लागतो, त्याचं हे एक कारण.

मग बचत होते कुठे? रिकाम्या ट्रकमध्ये, सपाट रस्त्यावर. तिथे गरज असते जेमतेम वीस-तीस अश्वशक्तीची. मोठ्या इंजिनाला एवढी कमी शक्ती द्यायला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद ठेवावा लागतो आणि पिस्टन हवा ओढताना झगडतात, नाक दाबून श्वास घ्यावा तसे. छोट्या इंजिनाचा थ्रॉटल त्याच कामासाठी जास्त उघडा राहतो, शिवाय घासणारे भागही कमी. अमेरिकेत नव्या गाडीच्या खिडकीवरच्या लेबलवरचे मायलेजचे आकडे ज्या चाचण्यांतून येतात, त्यांत ट्रेलर ओढण्याची चाचणीच नाही. त्यामुळे लेबलवर टर्बोवाल्याची बाजू उजळ दिसते. रोज बोट किंवा घोड्यांचा ट्रेलर ओढणाऱ्याला निस्सान फ्रंटियरचं 3.8 लिटरचं टर्बोविना व्ही-6 पेट्रोलच्या खर्चात फार महाग पडेलच असं नाही.

डोंगरात मात्र पारडं पुन्हा फिरतं. 1918 मध्ये सॅनफर्ड मॉस या जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्याने लिबर्टी हे विमानाचं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे 4,300 मीटर उंच शिखरावर नेऊन चालवलं. खाली 350 अश्वशक्ती देणारं ते इंजिन माथ्यावर 230 वर आलं. टर्बो जोडल्यावर त्याने 356 दिली. विरळ हवेत साधं इंजिन गुदमरतं, टर्बो तीच हवा पुन्हा दाट करतो.

त्याच डोंगराळ राज्यांत अजून एक जुनी प्रथा टिकून आहे. अमेरिकेत इतरत्र साधं पेट्रोल 87 ऑक्टेनचं असतं (ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल नॉकिंगला कमी बळी पडतं), रॉकी पर्वताच्या परिसरात अनेक पंपांवर 85 चंही मिळतं. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात तथ्य होतं: उंचीवर सिलिंडरात हवा कमी, म्हणून दाब कमी, म्हणून नॉकिंगही कमी. टर्बोने दाट केलेल्या हवेला हा हिशेब लागू होत नाही. संवेदक इंजिन सांभाळून घेतो, पण ठिणगी मागे सरकवून. म्हणजे स्वस्त 85 भरून घाट चढणाऱ्याला ज्या टॉर्कसाठी टर्बो घेतला त्यातलाच काही भाग कमी मिळतो, आणि टोयोटा किंवा शेव्हरोलेच्या पुस्तिकेत किमान 87 लिहिलेलं असतं ते वेगळंच.