ओलीला ओल लागली का? मुलाखती कधी थांबवायच्या

मृगाचा पाऊस पडला म्हणून मराठवाड्यातला जाणता शेतकरी लगेच चाड्यावर मूठ धरत नाही. काळ्या रानात वीतभर उकरून ओलीला ओल लागली का, म्हणजे वरची ओल खालच्या ओलीला भिडली का, हे तो आधी पाहतो. विद्यार्थी कसे शिकतात याचा गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या सांगण्यावर उभा असलेला, अभ्यास करणाऱ्यापुढे ‘आता मुलाखती पुरे’ हे ठरवताना नेमका हाच प्रश्न असतो, आणि बरेच जण वरची ढेकळे भिजलेली पाहूनच समाधान मानतात.

बार्नी ग्लेसर आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडलेल्या ‘ग्राउंडेड थिअरी’त, म्हणजे माहितीतूनच सिद्धान्त उभा करण्याच्या पद्धतीत, मुलाखती, त्यांचे संकेतन (उत्तरांच्या तुकड्यांना अर्थाची नावे, म्हणजे ‘संकेत’, देणे) आणि तुलना एकत्रच चालतात, आणि पुढे कोणाला भेटायचे हे हाती आलेल्या संकल्पनेत काय उणे आहे त्यावरून ठरते. नव्या माहितीतून त्या संकल्पनेचा नवा गुणधर्म निघेनासा झाला, की ती संतृप्त झाली असे म्हणतात. तीच उत्तरे पुन्हा कानावर येणे म्हणजे संतृप्तता नव्हे.

समजा, लातूरमध्ये ‘नीट’ची तयारी करणारी मुले रसायनशास्त्र कसे शिकतात, हे पाहायचे आहे. पहिली दहा मुले ‘पाठ करतो’ म्हणतात आणि संशोधक वही मिटू पाहतो. पण पाठ केव्हा करता, कशासाठी, विसरले तर काय करता, असे खोदून विचारल्यावर एखादी मुलगी सांगते, ‘सरांचा वेग झेपत नाही, म्हणून सूत्र आधी पाठ करते, अर्थ रात्री खोलीवर लागतो.’ इथे पाठांतर हे समजण्याच्या विरुद्ध न राहता समजणे पुढे ढकलण्याची युक्ती ठरते, आणि आधीच्या दहाही मुलाखती पुन्हा वाचाव्या लागतात. त्यानंतर एकाच खानावळीतली मुले गाठत राहण्यापेक्षा क्लास मध्येच सोडलेला, किंवा आईवडील ऊसतोडीला गेल्यावर बीडकडच्या गावी आजीजवळ राहून शिकलेला मुलगा शोधणे जास्त मोलाचे.

आकड्यांचा आधार मोहक असतो. घाना व नायजेरियातील ६० मुलाखतींवरच्या २००६ च्या एका अभ्यासात बहुतेक संकेत पहिल्या १२ मुलाखतींत सापडले. तिथपासून १२ हा जणू मंत्रच झाला. २०१७ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र संकेतांची यादी ९ मुलाखतींत भरली, तरी त्यांचे अर्थ नीट उलगडायला १६ ते २४ लागल्या. त्यामुळे प्रबंधात ‘बाराव्या मुलाखतीनंतर संतृप्तता आली’ एवढेच वाक्य आढळले, तर परीक्षकाने टिपणवही मागावी: कोणत्या मुलाखतीने ‘पाठ करणे’ची व्याख्या खोडायला लावली, आणि मुद्दाम विरुद्ध उदाहरणे शोधूनही शेवटच्या किती मुलाखतींत तिथे काही खोडावे लागले नाही.