व्यक्तिनिहाय अभिनयशिक्षण (झाडीपट्टी रंगभूमीच्या संदर्भात)

नटाचा आवाज, बोली, अंगकाठी, पाठांतराची ताकद आणि त्याची नेमकी अडचण पाहून शिकवण्याची रीत ठरवणे, याला व्यक्तिनिहाय अभिनयशिक्षण म्हणतात. इथे अभ्यासक्रम आधी ठरत नाही. मास्तर आधी माणूस बघतो.

या विचाराला आधुनिक काळात आकार आला तो १८९८ साली सुरू झालेल्या मॉस्को आर्ट थिएटरमुळे. तिथे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने ‘या जागी मी असतो तर?’ हा प्रश्न नटाच्या हाती दिला. पुढे त्याच्याच विचारांवर वाढलेल्या अमेरिकी शिक्षकांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. ली स्ट्रासबर्गने भावनिक स्मृतीवर, म्हणजे नटाने स्वतःचा जुना अनुभव आठवून भाव जागवण्यावर, भर दिला; स्टेला अ‍ॅडलरने कल्पनाशक्तीवर, तर सॅनफर्ड माइझनरने समोरच्या नटाला दिलेल्या प्रतिसादावर. यातली खरी वाट कोणती, हा वाद अजून मिटलेला नाही. तालमीत उभ्या असलेल्या मास्तरला मात्र तिन्ही लागतात. नाट्यशास्त्रातले आंगिक (देहाचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) व सात्त्विक (आतल्या भावाचा) हे अभिनयाचे चार प्रकारही नट कुठे कमी पडतो हे ताडायला उपयोगी पडतात.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा धानाचा (भाताचा) पट्टा. इथे दिवाळीनंतर, धान घरात आले की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारास ओसरतो. मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने रात्रभर नाटके रंगतात. वडसा (देसाईगंज) हे नाटक कंपन्यांचे मोठे केंद्र. या रंगभूमीवरील कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

इथल्या एकाच नाटकात निरनिराळ्या मुशीतली माणसे एकत्र येतात. दंडार या इथल्या लोकनाट्यात मुरलेल्या नटाचे हातवारे मोठे आणि आवाज दणकट असतो. त्याला आवरायचे असते, पण तोडायचे नसते. हजारोंच्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्याची कला त्याला आधीच येते. शहरात शिकून आलेल्या तरुणाचा चेहरा बारीकसारीक भाव दाखवतो, पण आवाज पहिल्या चार रांगांतच विरतो. ज्याला नक्कल (लिहून दिलेले संवाद) वाचून पाठ होत नाही, त्याला मास्तर संवाद तोंडी घालतो. असा नट पुष्कळदा अधिक पक्का निघतो, कारण प्रॉम्प्टरच्या भरवशावर राहायची त्याला सवयच नसते.

सर्वांत नाजूक काम बोलीचे. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो. ‘पाणी’चे ‘पानी’, ‘डोळा’चा ‘डोरा’. विनोदी किंवा गावातल्या पात्राच्या तोंडी हे उच्चार तसेच ठेवणे उत्तम; ते पुसले तर पात्राचा जीवच जातो. ऐतिहासिक नाटकातल्या सरदाराला मात्र ‘ण’ आणि ‘ळ’ कमवावे लागतात. ते सगळ्यांसमोर टोकून येत नाहीत. चारचौघांत हसे झालेला नट पुढच्या तालमीत जीभ आवळूनच बोलतो, म्हणून ही मेहनत एकट्याकडून, हळू लयीत करून घ्यावी लागते.

स्ट्रासबर्गची भावनिक स्मृती इथे जपून वापरलेली बरी. बांध्यांतले (भातखाचरांतले) उभे पीक गेल्याचे दुःख ताजे असलेल्या नटाला तीच आठवण उकरायला लावून रडवणे सोपे असते. पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पुन्हा तेच रडायचे असते, आणि जखम काही अभिनय म्हणून रोज उघडत नाही. अशा नटाला अ‍ॅडलरची कल्पनेची वाट जास्त मानवते: पात्राचे घर, त्याची चूल, दाराशी उभा असलेला सावकार डोळ्यांसमोर आणायचा.

या पद्धतीची खरी अडचण वेळेची. कापणी-चुरणी आटोपून आलेल्या माणसाला निवांत तालमी मिळत नाहीत, आणि हंगाम लागला की गावोगावचे प्रयोग अंगावर येतात. मग बरेचसे शिक्षण प्रयोगांच्या मधल्या वेळेतच उरकते: मेकअप पुसता पुसता, किंवा पहाटे परतीच्या गाडीत, झोप लागण्याआधी.