नवा कोच पावला की नवे खेळाडू?

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, दोन संघ खेळून गेले, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. पहिला सामना पेसर्सने जादा वेळेत १३२–१३१ असा काढला. मुंबईकरांना किंग्ज जरा जास्त आपले, कारण मालक विवेक रणदिवे जुहूत वाढलेले. त्या दिवशी किंग्जच्या बाकावर नवाकोरा कोच होता, ल्यूक वॉल्टन. आदल्या हंगामात ८२ पैकी ३९ सामने जिंकलेल्या डेव्ह येगरला नारळ देऊन त्याला आणलं होतं. कोरोनाने आखूड केलेल्या त्या हंगामात किंग्जचे ३१ विजय झाले आणि ४१ पराभव. प्लेऑफचं, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांचं, दार काही उघडलं नाही.

तीन वर्षांनी, २०२२ च्या उन्हाळ्यात, किंग्जने पुन्हा कोच बदलला. या वेळी माइक ब्राउन. पण सोबत माणसंही आणली: अटलांटाकडून केव्हिन ह्यूर्टर, लॉस एंजेलिस लेकर्समधून मोकळा झालेला मलिक मंक, आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चौथ्या क्रमांकावर कीगन मरी. हंगामाची सुरुवात सलग चार पराभवांनी झाली. शेवट झाला ४८ विजयांवर. आदल्या वर्षी होते ३०. सोळा हंगाम प्लेऑफ न बघितलेलं शहर, तेही एनबीएच्या इतिहासातला सर्वांत लांब दुष्काळ सोसलेलं, प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा झोत सोडू लागलं.

आणि वाद सुरू झाला. एक गट म्हणे, सगळी ब्राउनची करामत. दुसरा म्हणे, कोच कसला, लांबून अचूक फेकणारे नेमबाज आणले म्हणून जिंकले. अमेरिकेतल्या कुठल्याही संघाच्या चाहत्यांत दर उन्हाळ्यात, दोन हंगामांच्या मध्ये, हाच वाद पेटतो, आणि तो सुटत नाही, कारण दोन्ही गोष्टी बहुधा एकाच दोन-तीन महिन्यांत घडतात. कावळा कुठला आणि फांदी कुठली, हे लांबून कळत नाही.

आपण क्रिकेटवाले असल्याने एक गोष्ट आधी सांगायला हवी. क्रिकेटमध्ये चेंडू पडला की कारभार कर्णधाराकडे. कोच ड्रेसिंग रूमच्या काचेमागे. बास्केटबॉलचा कोच मैदानाच्या काठावर उभा असतो, टाइमआउट घेतो, ४८ मिनिटांत पाहिजे तितक्या वेळा खेळाडू आत-बाहेर करतो, शेवटचा फेक कोणी कुठून घ्यायचा हे पाटीवर काढून दाखवतो. त्याचा हात क्रिकेटच्या कोचपेक्षा फार लांब पोचतो. पण उलट बाजूही तितकीच खरी: मैदानावर एका वेळी फक्त पाच जण. एक माणूस बदलला की संघाचा पाचवा हिस्सा बदलला. म्हणून या खेळात कोचही दिसतो आणि खेळाडूही दिसतो, आणि दोघांचं श्रेय एकमेकांच्या खात्यावर जमा होतं.

फरक ओळखायचा तर जिथे एकच गोष्ट बदलली असे उन्हाळे शोधावेत. असे फार थोडे आहेत.

पहिला २०१४ चा गोल्डन स्टेट वॉरियर्सचा. मार्क जॅक्सनच्या हाताखाली संघ ५१ सामने जिंकला होता, तरी त्याला काढलं आणि स्टीव्ह कर्रला आणलं, ज्याने तोवर एकही सामना कोच म्हणून बघितला नव्हता. माणसं जवळपास तीच. शॉन लिव्हिंगस्टन आणि लिअँड्रो बार्बोसा हे दोघे बाकावरचे आले, बस. पुढच्या हंगामात ६७ विजय आणि विजेतेपद. बदललं काय? चेंडूचा प्रवास. जॅक्सनच्या शेवटच्या हंगामात वॉरियर्स पास देण्यात साऱ्या लीगमध्ये तळाला होते. स्टेफन करी चेंडू घेऊन यायचा, कोणीतरी त्याच्यासाठी बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहायचा, बाकीचे बघायचे. कर्रने करीला चेंडूशिवाय पळायला लावलं. कारकिर्दीतला प्रत्येक सामना पहिल्या पाचांत खेळलेल्या आंद्रे इग्वोडालाला बाकावर बसायला राजी केलं, हे तर पासपेक्षा अवघड काम. बचाव आधीपासून चांगला होता, हे मात्र जॅक्सनचं देणं. ते श्रेय त्याला फार कमी लोक देतात.

पण इथेही प्रयोग पूर्ण शुद्ध नाही. डेव्हिड लीची मांडी दुखावली म्हणून ड्रेमंड ग्रीन पहिल्या पाचांत आला, आणि तो आल्यावर संघाचा बचाव लीगमध्ये अव्वल झाला. ली धडधाकट असता तर कर्रने त्याला बसवलं असतं का? मला शंका आहे. म्हणजे कोच बदलाच्या सर्वांत चोख उदाहरणातही एक खेळाडू-बदल लपलेला आहे, तोही दुखापतीने करून दिलेला.

दुसरा उन्हाळा २००७ चा, बॉस्टनचा. तिथे उलट: कोच तोच, डॉक रिव्हर्स. आदल्या हंगामात २४ विजय, मध्ये सलग १८ पराभव, आणि प्रेक्षक ‘डॉकला हाकला’ असं ओरडत होते. मालकांनी त्याला ठेवला आणि सिएटलहून रे ॲलन, मिनेसोटाहून पाच खेळाडू आणि दोन ड्राफ्ट हक्क देऊन केव्हिन गार्नेट आणला. ६६ विजय आणि विजेतेपद. एका वर्षात ४२ विजयांची उडी. तोच माणूस, तीच पाटी, तोच खडू. आता इथेही मेख आहेच: त्या २४ विजयांच्या हंगामात पॉल पिअर्स दुखापतीने ३५ सामने बाहेर होता, म्हणून आधीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी. आणि बचाव बसवायला टॉम थिबोडो नावाचा सहायक कोच त्याच उन्हाळ्यात आला होता. तरीही ज्यांना कोचचा महिमा गायचा असतो, त्यांनी २००७ चं बॉस्टन एकदा डोळ्यांसमोर आणावं.

आता पुन्हा वॉल्टनकडे, कारण या दोन गोष्टींची गल्लत केल्यावर काय होतं त्याचा तो चालताबोलता नमुना. २०१५-१६ च्या सुरुवातीला पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे कर्र घरी होता. सहायक वॉल्टनने संघ सांभाळला आणि पहिले २४ सामने सलग जिंकले. कर्र परतेपर्यंत ३९ विजय, ४ पराभव. नियमाप्रमाणे ते सारे विजय कर्रच्या नावावर लागले, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम कोचचा मानही त्यालाच. पण बाजारात भाव वधारला वॉल्टनचा. लेकर्सने त्याला मुख्य कोच केलं, तिथे तीन वर्षांत एकदाही प्लेऑफ नाही, मग सॅक्रामेंटो, तिथेही नाही. कर्रने मळून ठेवलेल्या पिठावर करी, क्ले थॉम्पसन आणि ग्रीन यांनी काढलेल्या रेघोट्या होत्या त्या. वॉल्टन वाईट कोच होता असं मी म्हणत नाही. त्या ४३ सामन्यांवरून तो कसा कोच आहे हे कळायला मार्गच नव्हता, एवढंच.

गंमत बघा, माइक ब्राउनची शिफारसही अगदी तशीच. २०१७ च्या प्लेऑफमध्ये कर्र पुन्हा आजारी, तेव्हा वॉरियर्सचा सहायक असलेल्या ब्राउनने संघ हाकला, ११ सामने, ११ विजय. त्याआधी २००९ मध्ये क्लीव्हलंडमध्ये लेब्रॉन जेम्सला घेऊन ६६ विजय, आणि सर्वोत्तम कोचचा मान. तेव्हा लोक म्हणायचे, लेब्रॉन असल्यावर कोणीही जिंकेल. २०१० मध्ये ब्राउनला काढलं, दोन महिन्यांत लेब्रॉनही मायामीला गेला, आणि क्लीव्हलंड ६१ विजयांवरून १९ वर आलं. त्या पडझडीचं खापर नव्या कोचवर कोणी फोडलं नाही. म्हणजे लोकांना फरक कळतो. फक्त हरताना लवकर कळतो.

तर मग एकाच शिफारशीचे दोन कोच, एक फसला, दुसरा २०२३ मध्ये एकमताने सर्वोत्तम ठरला. यावरून ब्राउन थोर म्हणावं का? मी ते हंगामभर सकाळी साडेआठला, चहा गार करत बघितलंय, आणि माझं मत थोडं तिरपं आहे. ब्राउनला आणलं होतं बचावासाठी. ती त्याची ख्याती. त्याने ड्रेसिंग रूममध्ये सामन्यातल्या सर्वोत्तम बचावपटूच्या गळ्यात साखळी घालायची प्रथा पाडली. तरी त्या वर्षी किंग्जचा बचाव लीगच्या तळाकडच्या संघांत राहिला. सुटलं ते आक्रमण: सामन्याला सरासरी १२०.७ गुण, लीगमध्ये सर्वांत जास्त.

इथे मला कोचची खूण आणि खेळाडूंची खूण वेगवेगळ्या दिसतात. कोचची खूण जुन्या माणसांवर शोधावी. डोमांटस सबोनिस आणि डिअॅरन फॉक्स हे दोघे आदल्या फेब्रुवारीपासून एकत्रच होते, आणि संघ हरतच होता. ब्राउनच्या काळात सबोनिस बास्केटपासून दूर, फ्री-थ्रो रेषेच्या कोपऱ्यावर चेंडू घेऊन उभा राहू लागला, आणि नेमबाज त्याच्या अंगाला घासून जात हातातून चेंडू घेऊन फेकू लागले. हंगामाच्या मध्येच सबोनिसच्या अंगठ्याचं हाड मोडलं, तरी त्या हंगामात त्याला ७९ सामने याच कामात खेळवलं. तेच दोन खेळाडू, वेगळी जागा, वेगळा वेग. हे ब्राउनचं.

पण ती युक्ती चालायला घासून जाणारा माणूस चेंडू आत घालणारा हवा. ह्यूर्टर तसा होता. मरीने पहिल्याच हंगामात २०६ थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेले तीन गुणांचे फेक, टाकून नवख्यांचा विक्रम मोडला. आदल्या वर्षीच्या संघाला हीच पाटी काढून दिली असती तर मोकळे फेक मिळाले असते आणि बास्केटच्या कड्यावर आपटून परत आले असते. आणि सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत, जेव्हा पाटीवरचं सगळं विस्कटतं, तेव्हा चेंडू फॉक्सकडे जायचा. निर्णायक क्षणांच्या खेळाडूला एनबीएने त्या वर्षी पहिल्यांदाच पुरस्कार सुरू केला, तो त्याने नेला. त्यात कोचचा वाटा फार तर त्याच्या वाटेतून बाजूला होण्याचा.

म्हणून मी आकडे बघताना असं बघतो: तोच खेळाडू वेगळं काम करताना दिसला तर कोच; तेच काम जास्त वेळा फत्ते झालं तर खेळाडू. दोन्ही एकदम झालं तर भांडायला मोकळे.

प्लेऑफ ही खेळाडूंची खूण ठळक करते, याचा दाखला टोरांटो. २०१८ मध्ये तिथे ५९ सामने जिंकलेल्या ड्वेन केसीला काढलं, आणि दीड महिन्याने तो त्या वर्षीचा सर्वोत्तम कोच जाहीर झाला. सहायक निक नर्सला बढती, डीमार डीरोझन देऊन क्वाय लिओनार्ड आणला. साखळीतले विजय? ५८. एक कमीच. पण जूनमध्ये विजेतेपद, कारण फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या सामन्यात लिओनार्डने शेवटच्या क्षणी टाकलेला चेंडू कड्यावर चार टप्पे खाऊन आत पडला. तो उसळून बाहेर गेला असता तर टोरांटोचे लोक केसीचं नाव काढत बसले असते. नर्सची लायकी खरी कळली ती पुढच्या वर्षी: लिओनार्ड निघून गेला तरी ५३ विजय आणि १९ पराभव.

मग मालक आधी कोचच का बदलतात? हिशोब साधा आहे. एनबीएत खेळाडूंच्या पगारावर मर्यादा असते, अदलाबदल करताना दोन्ही बाजूंचे पगार जुळवावे लागतात, आणि समोर तयार असलेला संघ लागतो. कोचचा पगार त्या मर्यादेत धरतच नाहीत. खेळाडू बदलायला महिने लागतात, कोच बदलायला एक फोन. त्यामुळे वड्याचं तेल वांग्यावर निघतं. किंग्जनेच डिसेंबर २०१४ मध्ये मायकल मलोनला काढलं तेव्हा मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स मेंदूज्वराने आजारी होता आणि संघ ११–१३ वर आला होता. आजारी खेळाडूला काढता येत नाही. मलोनने २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं; त्याच वसंतात किंग्ज पहिल्याच फेरीत सातव्या सामन्यात करीच्या ५० गुणांनी घरी गेले.

ब्राउनचंही पुढे तेच झालं. दुसऱ्या वर्षी कोच तोच, पहिले पाच जवळपास तेच, विजय ४६, पण पश्चिम विभागात नववा क्रमांक. बाकीच्या संघांनी सबोनिसचा कोपरा ओळखला होता. २०२४ च्या उन्हाळ्यात किंग्जने टोरांटोच्या गोष्टीतला तोच डीरोझन आणला, जो मधल्या अंतरावरून फेकतो, थ्री-पॉइंटरच्या वाटेला क्वचित जातो. दूरच्या नेमबाजांवर उभी केलेली युक्ती आणि जवळून फेकणारा नवा तारा. डिसेंबरात संघ १३–१८ असताना ब्राउनला काढलं. फेब्रुवारीत फॉक्सही सॅन अँटोनियोला गेला. हंगाम ४०–४२ वर संपला.

जुलै २०२५ मध्ये ब्राउनला न्यू यॉर्क निक्सने घेतलं. त्यांनी नुकतंच ज्याला काढलं तो थिबोडो, २००७ साली बॉस्टनचा बचाव बसवणारा तोच, आणि त्याने निक्सना २५ वर्षांत पहिल्यांदा पूर्व विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत नेलं होतं. बाकावर जॉर्डन क्लार्कसन आणि गेर्शन याबुसेले आले. पण ब्रन्सन, टाउन्स, ब्रिजेस, अनुनोबी आणि हार्ट हे मुख्य पाचही जण जिथल्या तिथे. २०१४ नंतर इतका स्वच्छ उन्हाळा माझ्या तरी पाहण्यात नाही.