पॉवर विंडो मोटर

मोटारगाडीच्या दरवाज्यात बसवलेली, बटण दाबताच काच वर-खाली करणारी छोटी विद्युत मोटर. १९४० साली पॅकार्ड कंपनीने आपल्या गाडीत बटणावर चालणाऱ्या काचा दिल्या, पण त्यांना तेलाच्या दाबाची जोड लागे. पुढे प्रत्येक दरवाज्यात स्वतंत्र मोटर आली.

ही मोटर साधारणपणे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. आत स्थिर चुंबक, त्यांच्यामध्ये फिरणारे आर्मेचर (तारांची वेटोळी गुंडाळलेला गाभा) आणि त्याला वीज पोचवणारे कार्बन ब्रश असतात. प्रवाहाची दिशा उलटली की मोटर उलटी फिरते व काचेची चाल बदलते.

मोटरचा वेग भरपूर, पण जोर कमी. काचेला नेमके उलट हवे असते. म्हणून मोटरच्या दांड्यावर मळसूत्रासारखा वर्म गिअर असतो आणि तो एक दातेरी चाक फिरवतो. वर्मचा पूर्ण फेरा झाला, तरी चाक जेमतेम एक-दोन दाते सरकते. या जोडीचा खरा गुण वेगळाच आहे: वर्म चाकाला फिरवतो, चाक मात्र वर्मला फिरवू शकत नाही. त्यामुळे वीज बंद असली तरी काच घसरत नाही, हाताने दाबूनही सहसा खाली जात नाही. वेगळा ब्रेक लागतच नाही. पुढे केबल किंवा कात्रीसारख्या पट्ट्यांचा रेग्युलेटर काच उचलतो.

काच टोकाला पोचल्यावरही बटण दाबून धरले, तर मोटर अडते, प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि तारा तापतात. तेव्हा उष्णतेने उघडणारा स्विच वीज तोडतो. हाच जोर मुलाच्या मानेवर आला तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे आपोआप मिटणाऱ्या काचांना अँटी-पिंच यंत्रणा, म्हणजे मध्ये काही अडकले तर काच मागे घेणारी सोय, असायलाच हवी. त्यात मोटरच्या दांड्यावरील चुंबक व त्याची हालचाल ओळखणारा हॉल सेन्सर फेरे मोजतात. वेग अचानक मंदावला की काच माघारी फिरते. अडकलेल्या वस्तूवर १०० न्यूटनपेक्षा जास्त दाब पडण्याआधीच हे घडावे, अशी युरोप व अमेरिकेच्या नियमांतील मर्यादा आहे.

काच रखडू लागली की मोटरलाच दोष दिला जातो, पण बरेचदा काचेच्या कडेची रबरी खाच कोरडी पडलेली असते. मोटरचा आवाज येतो आणि काच हलत नाही, तर केबल तुटली किंवा चाकाचे दाते झिजले असे समजावे. आवाजच नसेल, तर आधी फ्यूज, स्विच आणि बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या तारा तपासाव्यात. दरवाजा उघडताना-मिटताना सतत वाकून त्या आतल्या आत तुटतात.

बॅटरी काढून परत जोडल्यावर अनेक गाड्यांत काचेची वरची-खालची हद्द मोटरला पुन्हा शिकवावी लागते. त्यासाठी बहुधा काच पूर्ण बंद करून बटण काही सेकंद तसेच धरून ठेवतात.